आधी पाणी, मग कागद

रूपराव ढाबर्डे यांनी दिवाणी कोर्टात तेहतीस वर्षे बेलिफाची नोकरी केली, आणि एवढ्या काळात वर्धा जिल्ह्यातल्या एकाही दारात आनंदाची बातमी नेली नाही. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात देणारा माणूस. पोस्टमनला लोक दिवाळीत पोस्त देतात. बेलिफाला पाहिले की मागच्या दाराने वावरात जातात.

नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक धडा घेतला. आर्वीकडच्या एका खेड्यात भर दुपारी सायकल हाणत ते पोचले, समन्स दिला आणि पाणी मागितले. घरमालकाने समन्स वाचला, मग रूपरावांना वाचले आणि म्हणाला, "कोर्टातच जाऊन पेजो." परतीच्या वाटेवर रूपरावांनी नियम बांधला: आधी पाणी, मग कागद. एका माणसाच्या साक्षीवर त्यांनी सगळ्या जिल्ह्याविरुद्ध निकाल देऊन टाकला. कोर्टाने असा निकाल दिला असता तर अपिलात टिकला नसता. पण रूपरावांच्या निकालावर अपील नव्हते, म्हणून तो तेहतीस वर्षे चालला.

आणि पाणी मिळत गेले. सेलूत मिळाले, देवळीत मिळाले, हिंगणघाटच्या गल्ल्यांत मिळाले. त्यांच्या आजोबांनी ज्या गावांत वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले होते, त्याच गावांत नातू कोर्टाचा बिल्ला लावून ओट्यावर बसायचा आणि घरातून तांब्या यायचा. सगळ्याच घरांतून नाही. काही ठिकाणी गोठ्यातल्या खुंटीवरचा वेगळा पेला निघायचा. तो पेला दिसला की रूपराव आपला नियम मोडत आणि कागद आधी काढत. पण असे पेले वर्षागणिक कमी होत गेले. शेवटच्या वर्षांत तर लोक फ्रिजमधली बाटलीच हातात देऊ लागले. बाटली देणाऱ्यालाही मग समन्स द्यावा लागे, आणि त्या वेळी रूपरावांना आतून थोडे ओशाळल्यासारखे व्हायचे.

निवृत्त झाल्यावर ते बायकोला, तानाबाईंना, म्हणाले, "या जिल्ह्याचं पाणी माह्या अंगात हाय. थोडंसं तरी परत करा लागते."

"करा नं," तानाबाई म्हणाल्या. "सुरुवात घरातूनच करा. टाकी खाली हाय, मोटर लावा."

मोटर लावून झाल्यावर रूपरावांनी नालवाडीतल्या आपल्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत एक मोठा रांजण बसवला. झाकणावर ओगराळे, ओगराळ्याला साखळी. दात्याचे नाव कुठे नाही. रोज सकाळी ते स्वतः रांजण घासत, भरत, आणि समोर खुर्ची टाकून बसत. रिक्षावाला थांबे, कॉलेजातली मुले थांबत, भंगारवाला थांबे. कोणी तोंड पुसून "बरं वाटलं, काकाजी" म्हटले की रूपरावांना आपण कुठल्यातरी गावच्या कुठल्यातरी ओट्याचे पांग फेडले असे वाटे. कागद न देता पाणी देण्यात इतके सुख असते, हे त्यांना नव्यानेच कळत होते.

फक्त रांजण पाझरत होता. पाझरतो म्हणून तर पाणी थंड होते, त्याचा दोष नव्हता. पण तो पाझर उतारावरून रस्त्यावर येई आणि निंबाच्या सावलीत त्यावर हिरवे गुळगुळीत शेवाळ धरले होते.

समोरच्या घरात शकुंतलाबाई राहत. एकट्या, शिवणकाम करणाऱ्या. नवरीचा ब्लाउज शिवावा तर त्यांनीच, अशी अर्ध्या वर्धेची समजूत होती आणि उरलेल्या अर्ध्या वर्धेला तारीख मिळत नव्हती. पहिल्यांदा त्या शेवाळावरून बकरी घसरली, तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "भाऊजी, तिथं फरशी टाका, नाई तं नाली काढा."

"टाकतो व बाई. उद्या."

दुसऱ्यांदा दूधवाला कॅनसकट घसरला. गल्लीतल्या मांजरांनी तो दिवस साजरा केला.

"भाऊजी, माणूस पडन आता."

"उद्या नक्की."

तिसऱ्यांदा शकुंतलाबाईंनी सांगितले नाही, कारण तिसऱ्यांदा त्याच पडल्या.

उजवे मनगट मोडले. ऐन लग्नसराईत. अकरा नवरीमुलींचे ब्लाउज कापून पडलेले. रूपरावांनीच त्यांना ऑटोत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले, प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिले, आणि तानाबाईंनी पुढे महिनाभर दोन्ही वेळचा डबा पोचवला. शेजाऱ्याने करावे ते सगळे झाले. फक्त एक वाक्य चुकले. दवाखान्यातून निघताना रूपराव म्हणाले, "होते असं, बाई. व्हायचं होतं ते झालं."

शकुंतलाबाईंनी प्लास्टरकडे पाहिले. "आपोआप होत नाई, भाऊजी. कोणी काही करते, नाई तं करायचं ते करत नाई, तवा होते."

रूपराव "हो हो" म्हणाले आणि ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीस करू लागले.

दोन महिन्यांनी एका सकाळी अमर आला. अमर म्हणजे आता रूपरावांच्या जागेवरचा बेलिफ, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने गाडी निंबाखाली लावली, रांजणाचे झाकण उचलले, एकामागून एक तीन ओगराळी पाणी प्याला, मिशा पुसल्या, आणि मग पिशवीत हात घातला.

तो हात पिशवीत जाताना रूपरावांनी पाहिला. तसा हात त्यांनी स्वतः हजारो वेळा घातला होता.

"कोणाचा हाय बे?"

"काकाजी..." अमर रांजणाकडे पाहू लागला. "तुमचाच हाय."

"माह्याच रांजणाचं पाणी पेऊन?"

"तुमीच शिकवलं होतं नं जी."

 रूपरावांनी चष्मा लावला आणि समन्स उलटसुलट तपासला. "दाव्याची प्रत जोडली का? जोडली. शिक्का बरोबर हाय. अन् हे काय, वेळ लिहिली नाई तू? तामील किती वाजता झाली ते लिहा लागते. आण पेन."

दारातून तानाबाई म्हणाल्या, "अजी, दावा तुमच्यावर हाय. तुमी त्याची परीक्षा काय घेऊन राह्यले?"

मग रूपरावांनी दावा वाचला. वादी शकुंतलाबाई. मागण्या दोन. पहिली, औषधपाण्याची आणि बुडालेल्या शिलाईची नुकसानभरपाई. ती वाचून रूपरावांनी मान हलवली, बरोबरच होती. दुसरी, प्रतिवादीने सदरहू रांजण रस्त्याच्या कडेवरून कायमचा हटवावा, असा हुकूम व्हावा. ती त्यांनी दोनदा वाचली. मग उठून रांजणावरचे झाकण नीट केले. ते नीटच होते.

दाव्याखाली वकील म्हणून भावनाची सही होती. भावना शकुंतलाबाईंची भाची. नुकतीच सनद मिळालेली, हातातली पहिली केस. संध्याकाळी ती गल्लीत दिसली तशी रूपरावांनी हाक मारली. विरुद्ध पक्षाला कायदा समजावून सांगू नये एवढे तिला कॉलेजात शिकवले होते. पण विरुद्ध पक्षाने चहा ठेवला होता आणि सोबत तानाबाईंचा चिवडा होता.

"पोरी, मले एक सांग. मी चोरी केली नाई, मारलं नाई कोणाले. तुह्या मावशीसंगं काही करारमदारही नोता. मंग दावा कायचा?"

"काकाजी, याले अपकृत्य म्हणतात." भावना खुर्चीत सरळ बसली. "करार लागत नाई. रस्त्याच्या कडेले तुमी काही ठेवलं, तं येणाऱ्याजाणाऱ्याची काळजी घेणं तुमचं कर्तव्य झालं. ते तुमी केलं नाई. त्याच्यापायी मावशी पडली, अन् तिचं नुकसान झालं. झाला दावा."

"अवं पण मी पाणी पाजून राह्यलो. पुण्याचं काम हाय ते."

"पुण्य का पाप ते कोर्ट इचारत नाई. शेवाळ होतं का, तेवढं इचारते."

"जाणूनबुजून थोडंच केलं मी?"

"जाणूनबुजून केलं असतं तं कोर्टाच्या आधी ठाण्यात गेलो असतो. हा निष्काळजीपणा हाय. कायदा म्हणते, तुमच्या जागी वाजवी माणूस असता तं त्यानं काय केलं असतं? त्यानं बकरी पडली तवाच फरशी टाकली असती."

या वाजवी माणसाबद्दल रूपरावांनी नोकरीत पुष्कळ ऐकले होते. प्रत्येक खटल्यात तो असतो, प्रत्येक वकील त्याचा दाखला देतो. पण तेहतीस वर्षांत त्याच्या पत्त्यावर त्यांना कधी कोणी पाठवले नव्हते. तो जिल्ह्याबाहेर राहत असावा.

"रांजण काढावाच लागन का?" त्यांनी विचारले.

भावनाने चिवड्याची ताटली खाली ठेवली. "ते आता कोर्टात बोलू, काकाजी," ती म्हणाली आणि निघाली. जाताना, रोजच्या येण्याजाण्यातल्या सवयीने, रांजणातले एक ओगराळे पाणी प्यायली आणि आपण काय केले ते लक्षात येऊन भराभर चालू लागली.

रूपरावांनी नत्थूजी वकिलांना गाठले. नत्थूजींची वकिली चाळीस वर्षांची. त्यांचे अशील हरत, पण हरलेले कळायला त्यांना इतकी वर्षे लागत की तोवर राग उरत नसे. आठवड्याने त्यांनी लेखी जबाब तयार करून समोर टाकला. "वाचून घ्या, खाली सही करा."

रूपरावांनी मोठ्याने वाचायला घेतले. दाव्यातील मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे. सदर ठिकाणी रांजण नाही. असल्यास तो प्रतिवादीचा नाही. प्रतिवादीचा असल्यास त्यात पाणी नव्हते. पाणी असल्यास ते पाझरत नव्हते. पाझरत असल्यास वादी तेथून गेलीच नाही. गेली असल्यास मोबाईलवर बोलत गेली व स्वतःच्या हलगर्जीपणाने पडली.

"पण नत्थूजी, तिचा मोबाईल त्या दिवशी रिपेरिंगले होता. मीच टाकून आलतो."

"तं 'स्वतःच्या तंद्रीत' लिहू."

"अन् पाणी नोतं म्हणता? अर्धी नालवाडी तिथं पाणी पेते."

"रूपरावजी, सगळंच नाकबूल करा लागते. पद्धत हाय ती. मंग त्यायनं एकेक शाबीत करत बसावं." नत्थूजींनी पानाचा डबा उघडला. "सरळ सांगतो. हे सही केलं तं रांजण राह्यते, दहा वर्षं तरी हालत नाई. खरं लिहान तं पुढच्या तारखेले रांजण उचला लागन. पाहा तुमीच."

रूपराव कागद घरी घेऊन आले आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहत बसले. रांजण गेला तर उरलेल्या आयुष्यात करायचे काय, हा प्रश्न होताच. एवढ्या ओट्यांवर बसून प्यायलेले पाणी घेऊनच जायचे? पण जबाबाच्या शेवटी एक ओळ होती: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. तिच्याखाली सही करायची, म्हणजे रांजण ठेवण्यासाठी असे लिहून द्यायचे की त्यात पाणीच नव्हते. जिल्हाभर पाणी पिऊन आलेल्या माणसाने.

"काय करू व?" त्यांनी तानाबाईंना विचारले.

"शकुंतलाबाईनं किती खेपा सांगतलं होतं?"

"दोन."

"तुमी काय म्हटलं?"

"उद्या."

"मंग मले काय इचारता?" तानाबाई म्हणाल्या आणि डाळ निवडू लागल्या.

तिसऱ्या दिवशी रूपरावांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला. नत्थूजींनी तो वाचला आणि तोंडातले पान चघळणे थांबवले.

"तेहतीस वर्षं कोर्टात काढली, अन् कोर्टाचं काहीच शिकले नाई तुमी."

"मी कोर्टात कुठं होतो जी? मी तं बाहेरच, दारोदार."

नत्थूजींनी तो जबाब दाखल केला, पण टेबलावर ठेवताना दोन बोटांनी कोपरा धरून ठेवला, कोणीतरी खाली पाडलेला कागद आपण फक्त उचलून देतो आहोत अशा बेताने.

न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवले. म्हणजे निकाल लावण्याआधी दोन्ही बाजूंना एका टेबलाभोवती बसवून विचारायचे, की बाबांनो, आपसात मिटते का. त्या सकाळी रूपराव नेहमीपेक्षा लवकर उठले. रांजण आतून बाहेरून घासला, काठोकाठ भरला, साखळी चमकवली. कोर्टात निघाले तेव्हा रिक्षावाला पाणी पीत होता. "पोटभर पे रे," ते म्हणाले. रिक्षावाल्याला वाटले, आज काकाजींचा वाढदिवस असावा.

मध्यस्थ मॅडमनी लेखी जबाब हातात घेतला. वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. "बाकीची पानं?" त्यांनी विचारले.

"एवढंच हाय," नत्थूजी छताकडे पाहत म्हणाले.

शकुंतलाबाई समोर बसल्या होत्या. प्लास्टर निघाले होते, पण मनगट अजून ताठर होते आणि त्या उजवा हात डाव्या हातात धरून होत्या. "काय लिहिलं हाय?" त्यांनी भाचीला विचारले.

भावनाने वाचून दाखवले. "रांजण माझा आहे. पाणी माझे आहे. पाझर रस्त्यावर येतो हे मला माहीत होते. वादीने मला दोनदा सांगितले. मी दोनदा उद्या म्हटले. वादी पाहून चालत होती. चूक तिची नाही, माझी आहे."

"पुन्हा वाच. दोनदा सांगितले, तिथून."

भावनाने पुन्हा वाचले. शकुंतलाबाईंनी पदराने नाक पुसले. मग एकदम कामाच्या आवाजात, ब्लाउजचे माप सांगावे तशा, त्या मॅडमना म्हणाल्या, "शिलाई बुडाली तेवढी अन् दवाखान्याचं देऊन टाका म्हणा. रांजण राहू द्या. खाली फरशी टाका, कडेनं नाली काढा, अन् पाणी निंबाच्या बुडाशी सोडा. झालं."

रूपरावांचा आधी आपल्या कानांवर विश्वास बसेना. "राहू द्या? मंग काढून टाका असं लिहिलं काऊन होतं?"

"काकाजी," भावना खाली पाहत म्हणाली, "दाव्यात जरा जास्तच मागा लागते. पद्धत हाय ती."

नत्थूजींनी तिच्याकडे प्रथमच बरोबरीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

तडजोडीचा कागद टाईप झाला. फरशी, नाली, निंब, रक्कम, मुदत, सगळे त्यात आले. 'उद्या' हा शब्द टाळून मॅडमनी तारीख घातली. सह्या झाल्या. शकुंतलाबाईंची सही डाव्या हाताने, वाकडी पडली, आणि ती पडेपर्यंत रूपराव त्या हाताकडे पाहत राहिले. भरपाई कशाची असते ते दाव्याच्या कलमांत कळले नव्हते इतके त्यांना तेव्हा कळले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये गरम झळा येत होत्या. रूपरावांच्या घशाला कोरड पडली होती. शकुंतलाबाई बाकावर बसून पिशवीतून पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला काढत होत्या. पाणी मागावे असे रूपरावांच्या मनात आले. पण कागद होऊन गेला होता. कागदानंतर पाणी मागायची त्यांना हिंमत नव्हती. तेहतीस वर्षांचा नियम होता. ते भिंतीवरची सूचना वाचू लागले.

"भाऊजी, पाणी घ्या."

"असू द्या बाई."

"असू द्या कायले? तोंड वाळून राह्यलं तुमचं." शकुंतलाबाई पेला पुसत म्हणाल्या, "तुमाले आठवत नसन. आमी सिंदी मेघ्यात किरायानं राहत होतो. माह्यं माणूस नुकतंच गेलतं. घरमालकानं खोली खाली करायचा दावा टाकला, त्याचा समन्स घेऊन तुमीच आलते."

रूपरावांना आठवत नव्हते. अशी किती दारे.

"तुमी आधी पाणी मागतलं. मी माठातलं आणून देलं. तुमी पेले, तांब्या खाली ठेवला, अन् मंग कागद काढला. मले वाटलं होतं, उन्हात फिरणारा माणूस, तहान लागली असन. मंग समजलं, हा माणूस भेऊन राह्यला, का कागद पाहून ही बाई पाणी देणार नाई." त्या थोड्या हसल्या. "कागदाचं काही वाटलं नोतं मले. तुमी तं हमाल. पण तुमी माह्यावर भरवसा ठेवला नाई, याचं वाटलं. कागद आधी देला असता, तरी देलंच असतं मी पाणी."

रूपराव उभेच राहिले. सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट, सगळे ओटे एकदम समोर आले. त्यांतल्या किती ओट्यांवर कागदानंतरही तांब्या आला असता? अर्ध्या? त्याहून जास्त? एका माणसाच्या 'कोर्टातच जाऊन पेजो'वर त्यांनी कोणालाच विचारून पाहिले नव्हते. जेवढे पाणी त्यांनी मागून घेतले होते त्याहून जास्त माणुसकी त्या ओट्यांवर होती, आणि हे सांगायला समोरच्या बाईला मनगट मोडून घ्यावे लागले होते.

"चुकलंच बाई," ते म्हणाले. "तेही माह्यंच."

"घ्या आता."

शकुंतलाबाईंनी मुद्दाम उजव्या हाताने बाटली उचलली. ताठर मनगट पुरते वळले नाही, पेला भरला आणि थोडे पाणी फरशीवर सांडले. रूपरावांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. आधी गळ्यातला दुपट्टा काढला, गुडघ्यावर बसले आणि कोर्टाची फरशी पुसू लागले.

तेवढ्यात पिशवी लटकवून अमर भरभर येत होता.

"अबे थांब! तिकडून जा. ओलं हाय इथं."

अमर जागीच थांबला. आपल्या जुन्या साहेबांना फरशी पुसताना पाहून त्याने भिंतीच्या कडेकडेने, शिस्तीत, वळसा घातला. रूपराव उठले, बाकावर बसले, आणि मग ते पाणी पूर्ण प्यायले. माठाचे नव्हते, बाटलीचे होते, कोमट होते. इतके गोड पाणी त्यांना आठवत नव्हते.

"आज कोणीकडे?" त्यांनी अमरला विचारले.

"देवळी. चार समन्स हायत."

"तिथं कागद आधी देजो. मंग पाणी मागजो."

अमरला वाटले, केस हरल्यामुळे काकाजींच्या डोक्यावर परिणाम झाला. "अन् नाई देलं तं?"

"देतीन," रूपराव म्हणाले. "अन् एखाद्यानं नाईच देलं, तं येता येता घरी येजो. रांजण हाय."